प्रतिज्ञेची तालीम

"सर, तुमचा आवाज येत नाही."

प्रेमानं हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. खडू संपलाय, खिडकीची कडी निघालीय, असं सांगावं तितक्या सरळपणे सांगून ती मोकळी झाली. पण दामोदरच्या हातातली पट्टी फळ्यावर जिथं टेकली होती तिथंच राहिली. तीन दिवस तालीम चालली होती. प्रतिज्ञा त्यानं ठसठशीत अक्षरात फळ्यावर उतरवून काढली होती. तो एकेका शब्दाखाली पट्टी सरकवायचा, ओठ हलवायचा, आणि सहावीची छत्तीस मुलं एका सुरात म्हणायची. एवढ्या गलक्यात मास्तर म्हणतो की नाही हे कोण बघतो? बावीस वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. "मी नीट लक्ष दिलं सर," प्रेमा म्हणाली, "तुम्ही नुसते ओठ हलवता." मागं कुणीतरी फिसकन हसलं. दामोदरनं खाकरून दाखवलं, थंडीनं घसा बसलाय म्हणाला. बेंगळुरातल्या मल्लेश्वरममध्ये जानेवारीच्या सकाळी एवढं निमित्त चालून जातं. मुलीला ते पटलं असावं. ती खाली बसायला लागली आणि बसता बसता, घशाची काळजी वाटल्यासारखी, म्हणाली, "माझे बाबा सांगतात, शाळेत असताना तुमचा आवाज लई चांगला होता."

म्हणजे पोरीचा मास्तर कोण, हे कृष्णातला ठाऊक होतं. घंटा झाली, मुलं बाहेर सांडली, तरी दामोदर रिकाम्या वर्गात पट्टी धरून उभाच. जूनमध्ये हजेरीपटावर नवं नाव चढलं तेव्हाच त्याला घाम फुटला होता. प्रेमा कृष्णात मुचंडीकर. मुलीला घेऊन आई आली होती, वडील आले नव्हते, आणि त्या एवढ्याशा गोष्टीच्या आधारावर गडी सात महिने निभावून नेत होता. बेंगळुरात बेळगावकडची माणसं थोडी का आहेत, दोन कृष्णात मुचंडीकर असू शकतात, असं तो रोज सकाळी हजेरी घेताना स्वतःला सांगायचा आणि बापाचं नाव गिळून नुसतं 'प्रेमा' म्हणायचा. एक्कावन्न साली नोकरीसाठी तो ह्या शहरात आला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात गावच्या कुणीतरी सांगितलं होतं, आपला कृष्णात चिकपेटेत कापडाच्या दुकानात असतो, भेट की जाऊन. चौदा वर्षांत दामोदर चिकपेटेत गेला नाही. बायकोच्या, नीलाच्या, साड्या त्यानं घराजवळच्या आठव्या क्रॉसवर चढ्या भावानं घेतल्या, दिवाळीला कापड हवं म्हटलं की डोकं दुखतंय म्हणून पडून राहिला. चिकपेटेत तुमची कुणी पहिली बायको राहते की काय, असं नीला एकदा थट्टेनं म्हणाली होती, आणि तो इतका चिडला होता की ती दोन दिवस घुश्शात होती.

पट्टी टेबलावर ठेवून तो मोठ्या बाईंच्या खोलीकडे निघाला. मुख्याध्यापिका चंद्राबाईंना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणे. मराठी मंडळींनी हौसेनं काढलेली ही शाळा त्या एकहाती ओढत होत्या, आणि सरकारी परिपत्रक त्यांना देवाच्या प्रसादासारखं दोन्ही हातांनी घ्यायची सवय होती. आंध्रातल्या कुणा अधिकाऱ्यानं लिहिलेली प्रतिज्ञा. दिल्लीच्या मंडळाची बैठक गेल्या ऑक्टोबरात ह्याच शहरात भरली, तिथं ठरलं की सव्वीस जानेवारी पासष्टपासून देशातल्या साऱ्या शाळांनी ती म्हणायची. आणि आपल्याच गावात ठरलं म्हणून मोठ्या बाईंना जरा जास्तच अभिमान. "पाठक, सहावीच पहिली म्हणेल," त्या आठवड्यापूर्वी म्हणाल्या होत्या. "तुम्ही एकेक वाक्य द्यायचं, मुलांनी मागून म्हणायचं." आता दामोदरनं दारातूनच विचारलं, की वाक्य देण्याचं काम एखाद्या मुलाकडे दिलं तर? नंदकिशोर आहे, त्याचं पाठांतर चांगलं आहे. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मैदानावर फळा नसतो, पाठक. पट्टीनं काय दाखवणार तुम्ही? मोठ्या माणसाचा आवाज हवा. पालकांना बोलावलंय, सगळ्यांना." सगळ्यांना, हा शब्द त्यांनी उगाच जोर देऊन म्हटला, आणि तो कानडी वळणानं "सरी बाई" म्हणून परतला.

पालक म्हणजे पोरीचा बाप. जिना उतरताना त्याच्या गुडघ्यांत तीच थरथर सुरू झाली, आणि ती ओळखीची होती ह्याचंच त्याला जास्त भय वाटलं. सीमेवरच्या एका चिमुकल्या संस्थानातली शाळा. रोज सकाळी पडवीच्या पायरीवर उभं राहून राजेसाहेबांच्या आयुरारोग्याची प्रार्थना, आणि शेवटच्या दोन ओळी साहेबाच्या बादशहासाठी. दामोदर सांगायचा, दोनशे पोरं मागून म्हणायची. पंधरा वर्षांचा होता तो, मिसरूड फुटत होतं, पण आवाज फुटला नव्हता, आणि हेडमास्तर विद्याधरपंत पाहुण्यांना मुद्दाम त्या वेळी बोलवायचे. पुढं राज्य गेलं तेव्हा त्याच विद्याधरपंतांनी तांबड्या शाईनं प्रार्थनेच्या वहीतल्या ओळी कापल्या आणि त्याच पायरीवर, त्याच चालीवर, स्वतंत्र देशाच्या ओळी म्हणवून घेतल्या, असं त्यानं नंतर ऐकलं. मग चीनची लढाई झाली, तेव्हा ह्या मल्लेश्वरमच्या मैदानावर शपथा झाल्या, बायकांनी बांगड्या काढून दिल्या, मुलांनी मुठी वळल्या. आणि आता ही. शब्द बदलत गेले, पायरी तीच. बेचाळीसनंतर जिथं हजर होता तिथं प्रत्येक वेळी दामोदर ओठ हलवत उभा होता. राष्ट्रगीताला, घरच्या आरतीला, मुलाच्या मुंजीत मंगलाष्टकांना. चारचौघांनी मिळून काही म्हणायचं म्हटलं की त्याच्या गळ्याला कडी लागायची. वर्गात एकटा बोलायला लागला की आवाज खणखणीत. तो कधी डॉक्टरकडे गेला नाही, कारण रोग त्याला ठाऊक होता.

बेचाळीसचा ऑगस्ट. चिंचेखाली चौघं बसले होते. युक्ती कृष्णातची, आणि साधी होती. उद्या दामूनं प्रार्थना सुरूच करायची नाही. त्यानं सुरू केलं नाही तर मागून म्हणणार कोण? सगळी शाळा गप्प उभी राहील, आणि दोनशे पोरांत कुणा एकाचं नाव घ्यायला जागाच राहणार नाही. दामोदरनं कृष्णातच्या हातावर हात मारून शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी पायरीवर चढला, आणि तोंड उघडलं, आणि प्रार्थना सुरू झाली. रोज म्हणत होतो, तोंडात बसली होती, जीभ आपली आपण चालली. हे त्यानं त्याच संध्याकाळी स्वतःला सांगितलं आणि मग बावीस वर्षं सांगत आला. सवय. पोरं मागून म्हणू लागली, त्यांची काय चूक, ती पायरीवरच्या आवाजाच्या मागून जायला शिकलेली. फक्त कृष्णात पहिल्या रांगेत, पायरीला लागून, ओठ मिटून उभा. दोनशे तोंडं उघडी आणि एक बंद. आंधळ्यालाही दिसलं असतं. प्रार्थना संपल्यावर विद्याधरपंतांनी त्याला बाहेर काढलं. पंत तसे वाईट नव्हते. त्यांनी पोराला वाट करून दिली. "विसरलास का रे?" त्यांनी विचारलं, आणि मान हलवून सुचवलंसुद्धा, हो म्हण, म्हणजे प्रकरण मिटेल. कृष्णात म्हणाला, "नाही. विसरलो नाही." बारा छड्या बसल्या, त्यातली एक बोटांच्या पेरांवर. दुपारी नाव कमी झालं, आठवड्यात बापानं त्याला चुलत्याबरोबर बेंगळुरास कापडाच्या दुकानात पाठवून दिलं. आणि दामोदरच्या पाठीवर हात ठेवून पंत म्हणाले होते, आवाज असावा तर असा. पुढं त्याची फी माफ झाली, तो शिकला, मास्तर झाला.

घरी नीलानं स्टीलच्या पेल्यात कॉफी ओतली, तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, काय झालं. काही नाही, सव्वीस तारखेला मला प्रतिज्ञा सांगायची आहे, तो म्हणाला. "तुम्हाला?" ती हसली. "आरतीला कधी तुमचा आवाज ऐकला नाही मी, लग्नाला बारा वर्षं झाली." मग त्याचा चेहरा बघून हसणं आवरलं आणि म्हणाली, जमेल हो, चार वाक्यं तर आहेत. तिला सांगावं असं त्याला फार वाटलं. शब्द ओठापर्यंत आले, आणि आले ते नेहमीचेच, सवय होती गं, जीभ घसरली, आणि ते स्वतःच्याच कानाला इतके गुळगुळीत लागले की त्यानं कॉफी संपवली आणि वह्या तपासायला घेतल्या.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा. दुपारी तो बसनं गेला, उतरून गल्ल्यांतून चालला. चौदा वर्षं टाळलेली चिकपेट इतकी साधी निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. हातगाड्या, हमाल, खळ लावलेल्या कोऱ्या कापडाचा वास, कानडीतून आणि मारवाडीतून चाललेली घासाघीस. तो कशासाठी आला होता हे त्याचं त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. कृष्णातनं मंगळवारी, सव्वीसला, येऊ नये एवढंच त्याला हवं होतं. मोठ्या दुकानाच्या पांढऱ्या गादीवर काळ्या टोपीतला एक माणूस साडीच्या घड्या उलगडून गिऱ्हाइकापुढे फेकत होता. टोपीखालचे केस पिकले होते. उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं होतं, ते वाकत नव्हतं, आणि घडी घालताना तो ते बाकीच्या बोटांच्या बाहेर ठेवत होता. दामोदरला दुसरी खूण लागली नाही.

"बस की दामू," वर न बघता कृष्णात म्हणाला. "स्वल्प थांब, एवढं गिऱ्हाईक होऊ दे." जणू कालच भेटले होते. गिऱ्हाईक उठलं, कृष्णातनं कॉफी मागवली, आणि विस्कटलेल्या साड्या आवरायला घेतल्या. घरची चौकशी झाली, पोरीच्या अभ्यासाची झाली. गणितात कच्ची आहे, दामोदर म्हणाला, आणि आपण किती मास्तरासारखे बोलतो आहोत हे त्याला ऐकू आलं. मग एकदम, पेला खाली ठेवायच्या आत, तो म्हणाला, "त्या दिवशी ना कृष्णात, सवयीनं तोंडातून गेलं रे. रोजचं पाठ. जीभ आपली आपण गेली."

कृष्णातनं हातातली घडी पुरी घातली. काठाला काठ जुळवला, वरून तळहात फिरवला. "सवयीनं," तो म्हणाला. त्यात ना राग, ना टोमणा. "मी पायरीला लागून होतो, दामू. तुझे गुडघे माझ्या डोळ्यांसमोर होते." एवढं म्हणून त्यानं पुढची साडी ओढली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि दामोदरच्या तोंडून निघालं ते हे: मंगळवारी गर्दी फार होणार आहे, बसायलाही मिळणार नाही, तुझा उगाच अर्धा दिवस मोडेल. "सव्वीसला पेठ बंद असते की," कृष्णात म्हणाला. "येणार मी. पोरगी सांगत होती, आमचे सर नुसते ओठ हलवतात. म्हटलं, सव्वीसला म्हणतील बघ. म्हणणार न्हवं?" हा प्रश्न होता, धमकी होती की आणखी काही, हे दामोदरला परतीच्या सबंध वाटेत ठरवता आलं नाही. तो उभा राहूनच आला, बसमध्ये जागा असून.

मधल्या दोन दिवसांत त्याला नीट काही सुचलं नाही. रजेचा अर्ज लिहिला आणि फाडला. गुडघे कृष्णातच्या डोळ्यांसमोर होते. बावीस वर्षं जे झाकलं ते पहिल्याच क्षणापासून एका माणसाला दिसत होतं, आणि त्या माणसानं ते कुणाला सांगितलं नाही, पोरीला सांगताना फक्त आवाजाचं कौतुक सांगितलं. का? सोमवारी संध्याकाळी मैदानावर दोरीनं रांगांच्या खुणा आखताना त्याला शेवटी ते दिसलं, जे तो स्वतःला बघू देत नव्हता. बेचाळीसच्या त्या पडवीत एक खुर्ची होती. त्या खुर्चीवर त्या सकाळी फौजदार बसला होता, मांडीवर टोपी, तोंडात सुपारी. पायरी चढताना दामोदरनं त्याला बघितलं होतं. फौजदारानंही त्याला बघितलं, आणि सुपारी चघळणं थांबवलं. तेवढंच झालं होतं. जीभ घसरली नव्हती. जिभेला त्यानं स्वतः ढकललं होतं, आणि इतकं चांगलं आपण त्यापूर्वी कधी म्हटलं नव्हतं हेही त्याला त्याच वेळी कळत होतं. दोरी त्याच्या हातातून सुटली आणि नंदकिशोरनं ती धावत जाऊन धरली.

मंगळवारी सकाळी धुकं होतं, सिल्व्हर ओकच्या शेंड्यांवर अजून टेकलेलं. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, दामोदरचे ओठ हलले. पालक दोरीपलीकडे उभे होते, पुढं बायका, मागं पुरुष, आणि काळी टोपी त्यानं लगेच शोधली. हात पाठीमागं बांधून कृष्णात उभा होता. मोठ्या बाईंनी चार शब्द सांगितले आणि त्याच्याकडे बघून मान हलवली. दामोदर व्यासपीठाची पायरी चढला. पायरी लाकडी होती, शाळेच्या सुताराची, तरी चढताना त्याचा हात धोतराकडे गेला, जे त्यानं बेळगाव सोडल्यापासून नेसलं नव्हतं. त्यानं पहिलं वाक्य म्हटलं. आवाज निघाला. जरा घोगरा, पण निघाला, आणि छत्तीस मुलांनी तो उचलला. दुसरं वाक्य. पुन्हा मुलं. तिसऱ्याला त्यानं मान वर केली. दोरीपलीकडे एक तोंड होतं, मिटलेलं, पहिल्या रांगेतल्यासारखंच, आणि दोन डोळे, ते त्याच्या तोंडाकडे नव्हते, खाली होते. गुडघ्यांकडे. आणि गुडघे थरथरत होते, विजारीचं कापड हलताना सगळ्यांना दिसेल इतके.

तिसरं वाक्य आलं नाही. शब्द सगळे ठाऊक होते, एकामागोमाग एक उभे होते, ओठसुद्धा हलले. पण आवाज नव्हता. मैदान थांबलं. मुलं तोंड उघडून त्याच्याकडे बघत राहिली, कुठंतरी लहान मूल रडलं, मोठ्या बाईंचा हात गळ्यातल्या साखळीकडे गेला. एक श्वास, दोन, तीन. बेचाळीस साली जी शांतता द्यायचा शब्द दिला होता ती अशी असती, असं त्याच्या मनात आलं, आणि किती लांबलचक वाटते ही. मग पहिल्या रांगेतून प्रेमाचा आवाज आला. आईच्या हाताखाली पाट मांडावा तसं, काम अडलंय तर करून टाकूया अशा सुरात, तिनं तिसरं वाक्य म्हटलं. मुलं क्षणभर गोंधळली आणि तिच्या मागून म्हणू लागली. तिनं चौथं म्हटलं. पायरीवर उभा राहून दामोदरनं छत्तीस मुलांबरोबर ते मागून म्हटलं. आवाज आला. कुणाच्या तरी मागून म्हणताना तो येत होता. पुढचं वाक्य त्यानं आणखी मोठ्यानं म्हटलं, आणि शेवटपर्यंत, कशाला न जुमानता, पोरीच्या मागून म्हणत राहिला. दोरीपलीकडे कृष्णातचे ओठ हलताना दिसले. आवाज होता की नव्हता, इतक्या लांबून कळणं शक्य नव्हतं.

बुंदीचे पुडे वाटले जात होते तेव्हा मोठ्या बाई त्याच्यापाशी आल्या. तो बोलणी खायच्या तयारीत होता. पण त्यांनी आवाज खाली आणला, चेहऱ्यावर कळवळा होता. "विसरलात होय हो पाठक? एवढी तालीम करून? असू दे. गर्दी बघून होतं असं." दोन हातांवर कृष्णात उभा होता, प्रेमाचा पुडा सोडवून देत, वाकडं बोट दोऱ्यात अडकलेलं. त्यानं मान वर केली नाही. पण दोरा सोडवणारा हात थांबला.

हो म्हटलं की मिटत होतं. बाईंनी वाट करून दिली होती. "नाही बाई," दामोदर म्हणाला. "विसरलो नाही. घाबरलो."

बाई चष्मा सारखा करून पुढं निघाल्या. दामोदर कृष्णातकडे वळला. "आणि तेव्हाही. सवयबिवय काही नव्हती, कृष्णात. फौजदाराला बघितलं आणि म्हटलं. समजून उमजून म्हटलं मी." सांगून झालं, आणि त्याला अगदी हलकं वगैरे काही वाटलं नाही, पाय तसेच थरथरत होते. कृष्णातनं दोरा तोडला आणि पुडा पोरीच्या हातात दिला. "बावीस वर्षं लावलीस, मर्दा," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले होते की धुक्यानं चुरचुरत होते कोण जाणे.

प्रेमा दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तोंडात बुंदी होती. "बाबा, कुठला फौजदार?"

"मी न्हाई सांगणार," कृष्णात म्हणाला. "सर सांगतील. उद्या वर्गात, सगळ्यांना. न्हवं का दामू?"

दामोदरनं छत्तीस मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर आणला, पहिल्या बाकावर ही बसलेली, त्याच्या ओठांकडे लक्ष ठेवून. "सांगतो," तो म्हणाला, आणि ते इतक्या मोठ्यानं म्हणाला की चार पावलं पुढं गेलेल्या मोठ्या बाई वळून बघू लागल्या.